मुखरू भांडेकराची बुडीत

पळसघाटात कोणालाही विचारा, मुखरू भांडेकराची जमीन कुठे आहे. तो आधी हसेल, मग हात लांब करून म्हणेल, "ते बुडीत? ते काय, पुलाच्या अलीकडं." गावात कुणाची आंब्याची जमीन आहे, कुणाची देवळाची, कुणाची टेकडीवरची. मुखरूच्या सात एकरांना नाव पडलं ते त्यांच्या कामावरून. ती जमीन बुडण्यासाठी ठेवलेली होती. परक्या माणसाला ही थट्टा वाटते. पण गावाने कधी काळी शहाणपणा केला होता त्याचं ते नाव आहे, आणि शहाणपणाला हसण्याची आपल्याकडे रीतच आहे.

गावाच्या पूर्वेला अर्ध्या कोसावर वैनगंगा. पश्चिमेच्या डोंगरातून कोसंबी नाला येतो, गावच्या धानाच्या बांध्यांमधून, म्हणजे बांध घातलेल्या शेतांमधून, वाट काढतो आणि डांबरी रस्त्याच्या पुलाखालून जाऊन नदीला मिळतो. एरवी नाला गरीब आहे. पण नदी फुगली की ती नाल्याच्या तोंडाशी आडवी उभी राहते. दारातच पाहुणा उभा असला की घरातल्याला बाहेर पडता येत नाही, तसं नाल्याचं होतं. डोंगरातून पाणी येतच असतं, पुढे वाट नसते, मग ते दोन्ही काठांवरून धानात चढतं. धान पाण्याखाली चार दिवस दम धरतं. पाचव्या दिवशी पान पिवळं पडतं, आठव्या दिवशी हाताला चिकट लागतं, आणि त्यानंतर नुसता वास उरतो.

म्हणून मुखरूच्या आज्याने, की त्याच्याही आधीच्या कोणी, गावाशी बोली केली होती. नाला आणि त्याची सखल जमीन यांच्यामध्ये मातीची पाळ. पाळीला एका जागी तोंड ठेवलेलं, माती आणि पळसाच्या फांद्या दाबून बंद केलेलं, दोन माणसांनी अर्ध्या तासात फोडावं असं. पाणी अगदी टोकाला आलं की तोंड फोडायचं. नाला बुडितीत उतरायचा, तिथे मुक्काम करायचा, आणि नदी ओसरली की खालच्या बाजूच्या चरीने हळूहळू परत निघायचा. बुडीत रिकामी व्हायला पाच-सहा दिवस लागत. तेवढ्यात वरचं दोनशे एकर धान डोकं वर काढून मोकळं झालेलं असे.

फोडायला अक्कल लागत नाही. थांबायला लागते. मुखरूचा बाप त्याला लहानपणी पुलावर नेऊन उभा करायचा आणि खालचं पाणी दाखवायचा. "पहिलं पाणी आपलं, दुसरं पाणी नदीचं," तो सांगायचा. "पहिल्या पाण्यानं बांध्या भरतीन, लोक बोंबलतीन. बोंबलू देजो. नाल्यावरचा फेस पाह्य. फेस नदीकडं जाऊन राह्यला, तं फोडाचं नाई. फेस थांबला, तं टिकास-फावडं घे. फेस उलटा चालला, तं फोड. पहिल्या पाण्यानंच बुडीत भरून टाकशीन, तं दुसऱ्याले कुठी बसवशीन?"

मुखरूने हे सोळा वर्षांचा होईपर्यंत ऐकलं. बापाच्या मागे तीन पुरांत त्याने ते केलं, आणि तिन्ही वेळा दिवस चुकला नाही.

याच्या बदल्यात गाव काय देत होतं? पावसाळ्यात बुडितीत धान लावायचं नाही ही मुखरूच्या घराची बाजू. पाणी उतरल्यावर गाळात लाखोळी आणि जवस टाकायचे, जे येईल ते त्याचं. आणि गावाची बाजू अशी की धान मळून झालं की प्रत्येकाने आपल्या खळ्यावरच्या राशीतून बुडितीचा वाटा काढून ठेवायचा. शिवाय मान. लग्नाच्या पहिल्या पंगतीत पाटलाच्या शेजारचं पान भांडेकराचं. या मानावर मुखरूचं घर धान्याइतकंच जगत होतं, असं म्हटलं तर कोणी हसू नये.

मग काय झालं, तर काहीच झालं नाही. हेच वाईट. अठरा वर्षं नदी मोठी आली नाही. दोनदा नाला चढला, पण तीन दिवसांत उतरला. दरम्यान धान कापणारं मोठं यंत्र गावात आलं. ते बांधीतच कापतं, बांधीतच मळतं, आणि पोती भरून ट्रॅक्टर थेट खरेदी केंद्रावर जातो. खळंच गेलं, तर खळ्यावरचा वाटा कुठून निघणार? कोणी ठरवून बंद केला नाही. पहिल्या वर्षी चौघांनी दिला नाही, पुढच्या वर्षी फक्त चौघांनी दिला, आणि मग देणाऱ्यालाच आपण मूर्ख आहोत असं वाटायला लागलं. गरज सरो, वैद्य मरो, ही म्हण ज्याने काढली त्याने पळसघाट पाहिला असला पाहिजे.

मुखरू मात्र रोज सकाळी नाल्यावर जायचाच. काडीसारखा वाळलेला माणूस, डोक्याला पांढरं फडकं, हातात कोयता. चरीत माजलेली बेशरमीची झुडपं तोडायचा, तोंडाची माती पायाने दाबून पाहायचा, पुलावर उभा राहून पाणी बघायचा. पोरं त्याला नाल्याचा पाटील म्हणायची. त्याने कधी मनावर घेतलं नाही. एकदाच घेतलं. दादाजी ठाकरे हा त्याच्या बरोबरीचा, वीस एकरांचा मोठा शेतकरी. त्याच्या नातीच्या लग्नात मुखरू सवयीने पहिल्या पंगतीला बसायला गेला. वाढणाऱ्या पोराने त्याला हाताला धरून उठवलं, "आजा, हे पाहुण्यायसाठी आहे, तुमी मंग बसा." दादाजी समोरच उभा होता. त्याने पाहिलं आणि पाहुण्यांकडे वळला. मुखरू पुढच्या पंगतीची वाट न बघता घरी आला आणि सुगंधाबाईला म्हणाला, जेवण झालं. बायकोने त्याच्या कोरड्या हाताकडे पाहिलं आणि पेज गरम केली. त्यानंतर मुखरू गावात कोणाच्याच पंगतीला गेला नाही, आणि हे कोणाच्या लक्षातही आलं नाही.

मुखरूचा मुलगा प्रफुल नऊ वर्षं गडचांदूरला ठेकेदाराच्या हाताखाली होता. सिमेंटच्या गावचं काम, पगार बरा, पण घर म्हणजे पत्र्याची एक खोली. ठेका संपला तेव्हा नवं काम शोधावं की परत यावं, असा त्याला प्रश्न पडला. मुखरूने फोन केला. आयुष्यात त्याने स्वतःहून केलेला हा तिसरा की चौथा फोन असेल. "ये," तो म्हणाला. "बुडितीत आता धान होते. गावाले तिची गरज नाई राह्यली."

हे वाक्य त्याने कसं उच्चारलं असेल ते त्यालाच ठाऊक.

प्रफुल आला. बायको दिव्यानी आली, सहा वर्षांची पोरगी आली. सुगंधाबाईच्या घरात पुन्हा भांडी वाजू लागली. प्रफुलने माती खोदायच्या मशीनवाल्या कय्यूमभाईला बोलावून पाळ कंबरभर उंच करून घेतली. मुखरूने एकच अट घातली, की तोंड होतं तिथेच आणि तसंच कच्चं राहील. कय्यूमभाई म्हणाला, "चाचा, तेवढंच कच्चं ठेवलं तर सगळ्या पाळीचा काय फायदा?" मुखरू म्हणाला, "राहू द्या."

पहिल्या वर्षी बुडितीत असं धान आलं की लोक रस्त्यावर गाड्या थांबवून पाहत. वर्षानुवर्षांचा गाळ होता तो, देणारच. दिव्यानी मात्र सावध बाई. माहेरी तिने एक पीक हसताना आणि दुसरं रडताना पाहिलेलं. ती नवऱ्याला सरळ म्हणाली, "एका सालाचा भरोसा नाई. या साली पण धान घरात आलं, तं मी इथीच मरीन. नाई आलं तं आपण परत जाऊ. मंग बाबायनं अडवाचं नाई." प्रफुलने कबूल केलं. मुखरूने कबूल केलं. सुगंधाबाईने कबूल केलं नाही, ती नुसती देवाजवळ दिवा लावायला उठली.

म्हणजे त्या वर्षी बुडितीत नुसतं धान उभं नव्हतं. मुलगा, सून आणि नात उभी होती.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात तीन दिवस पाऊस लागला. झडच लागली, थांबण्याचं नाव नाही. नाला काठोकाठ झाला आणि वरच्या बांध्यांत पसरला. शेतांच्या कडेचे धुरे दिसेनासे झाले. तिसऱ्या दिवशी सकाळी मुखरू पुलावर गेला. पाणी तांबडं, वेगाने धावणारं, त्यावर फेसाचे गोळे आणि पळसाची पानं. सगळं नदीकडे पळत होतं. त्याने बराच वेळ पाहिलं, खात्री केली आणि घरी येऊन चहा मागितला. "आपलंच पाणी आहे," तो सुगंधाबाईला म्हणाला. "नदी अजून आली नाई. दोन दिवस आहेत."

दुपारी सगळ्यांच्या मोबाईलवर एकदमच निरोप आला. वरच्या धरणाची दारं उघडली, नदीकाठच्या गावांनी सावध राहावं. गावाचा जीव खालीवर झाला. आणि अठरा वर्षांत ज्याची कोणाला आठवण आली नव्हती, त्या मुखरू भांडेकराच्या दारात तासाभरात तीस-चाळीस माणसं उभी राहिली.

पुढे सरपंच गोपाल, तिशीचा पोरगा, गुडघ्यापर्यंत चिखल. "मुखरूभाऊ," तो म्हणाला, "तुमच्याशिवाय आता गावाले कोणी नाई. बुडीत फोडा. नदी यायच्या आधी आपलं पाणी काढून टाकू. बांध्या रिकाम्या राहतीन, तं नदीचं पाणी सोसतीन."

ऐकायला किती बरोबर वाटतं. अर्धवट शहाणपण असंच असतं, त्याला नावं ठेवायला जागा सापडत नाही. मुखरूला जागा ठाऊक होती. बांध्या रिकाम्या झाल्या तरी डोंगर रिकामा होत नाही, नाला त्या पुन्हा रात्रीत भरतो. बुडीत मात्र एकदाच भरता येते. तो म्हणाला, "थांबा गा. घाई नोका करू. अजून फेस..."

"थांबाले टाइम कुठी आहे भाऊ!" दोघे-तिघे एकदम ओरडले.

तेवढ्यात मागून गर्दी सारत दादाजी ठाकरे पुढे आला. छत्री त्याने मिटली, पावसात उभा राहिला आणि दोन्ही हात जोडले. "मुखरू," तो म्हणाला, "माह्यं चुकलं. गावाचं चुकलं. तुह्या घराचा मान आमी ठेवला नाई. पण आज तू आमाले वाचव. पाया पडतो." आणि तो खरोखरच वाकला. सत्तरीचा माणूस, त्याला वाकताना गुडघ्याला हात लावावा लागला.

मुखरूने त्याला खांद्याला धरून उचललं. त्याचे स्वतःचे डोळे भरून आले होते. छातीत काहीतरी उकलत होतं, जे त्या लग्नाच्या दिवसापासून गाठ होऊन बसलं होतं. त्याला वाटलं, बाप असता तर त्याने हे पाहिलं असतं. त्याला वाटलं, आपलं आयुष्य फुकट गेलं नाही. या सगळ्यांना आता कसं म्हणायचं, की परत जा, दोन दिवसांनी या? ते येतील? की म्हणतील, म्हातारा सूड घेतो, पोराचं धान वाचवतो?

त्याने प्रफुलकडे पाहिलं. प्रफुल गोठ्याच्या खांबाला टेकून उभा होता, चेहरा पांढरा पडलेला. पण तो म्हणाला, "बाबा, पाण्याचं तुमाले समजते. तुमी म्हणान तं फोडू. धान काय, पुढच्या साली लावू." दाराआड दिव्यानी होती. तिने ते ऐकलं.

मुखरू म्हणाला, "चला."

वरातीसारखे लोक निघाले. पाऊस बारीक झाला होता. पाळीवर पोचल्यावर मुखरूने तोंडाची जागा दाखवली आणि पहिला घाव प्रफुलने घातला. बुडितीतलं धान मांडीभर झालं होतं, काळसर हिरवं, दुसरं निंदण नुकतंच झालेलं. चार टिकास चालले, माती सुटली, पळसाच्या कुजलेल्या फांद्या वर आल्या आणि नाला एकदम आत घुसला. धान आधी झुकलं, मग सळसळलं, मग दिसेनासं झालं. प्रफुल तिकडे पाठ करून उभा राहिला.

अर्ध्या तासात नाल्याचं पाणी हातभर उतरलं. वरच्या बांध्यांचे धुरे वर आले. लोकांनी आरोळी ठोकली. कोणीतरी डब्यातून चहा आणला आणि पहिला कप मुखरूला दिला. दादाजीने आपली छत्री त्याच्या डोक्यावर धरली आणि घरापर्यंत सोडायला आला, स्वतः भिजत. त्या संध्याकाळी मुखरू भांडेकर सुखी होता. हे लपवण्यात अर्थ नाही. मुलाचं पीक पाण्याखाली होतं आणि बाप सुखी होता. सुगंधाबाईने ते ओळखलं आणि तिला त्याची भीती वाटली.

वरच्या बांध्या रात्रीत पुन्हा भरल्या. दुसरा दिवस तसाच गेला. तिसऱ्या दिवशी आभाळ निवळलं, लख्ख ऊन पडलं. लोक म्हणाले, सुटलो. मुखरू दुपारी पुलावर गेला. खाली फेस आणि काटक्या नदीकडे चालल्या होत्या, पण सावकाश. तो कठड्याला धरून उभा राहिला. बघता बघता त्या थांबल्या. एक पान जागच्या जागी गोल फिरत राहिलं. मग ते मागे सरकलं, पुलाखालून परत निघालं, आणि त्याच्यामागे सगळा फेस गावाच्या दिशेने चालू लागला.

फोडण्याची हीच वेळ होती. त्याने बुडितीकडे पाहिलं. ती तुडुंब भरलेली होती, दोन दिवसांपासूनचं नाल्याचंच पाणी घेऊन, उन्हात चकाकत. तिच्यात आणखी एक घागर मावली नसती.

पुलावर दुसरं कोणी नव्हतं. मुखरू तिथेच खाली बसला.

नदी नऊ दिवस गावच्या शिवारात राहिली. पाऊस नव्हता, वारा नव्हता, नुसतं ऊन आणि पाणी. पाचव्या दिवशीपर्यंत लोक आशेवर होते. आठव्या दिवसानंतर कोणी बांधीकडे गेलं नाही. पाणी उतरलं तेव्हा दोनशे एकरांवर चिखलाची साय आणि तो वास. रोवणी पुन्हा करायला परे म्हणजे रोपं नव्हती आणि दिवसही उरले नव्हते.

मुखरू मनात पुन्हा पुन्हा तेच मोजत राहिला. त्या दुपारी बुडीत रिकामी असती, तर नदी शिवारात चढायला दोन दिवस जास्त लागले असते, उतरताना दोन दिवस आधी उतरली असती. खालचं धान गेलंच असतं. वरच्या उताराचं, शंभरेक एकर, वाचलं असतं. कदाचित थोडं कमी. पण शंभर घरांत खायला धान असतं. आणि बुडलेल्या बुडितीलाही काही अर्थ असता.

कोणीही त्याला दोष दिला नाही. दोष देण्याइतकं कोणाला कळतच नव्हतं. लोक म्हणत, निसर्गापुढं कोणाचं चालते. उलट त्याला रामराम वाढले. तलाठी पंचनाम्याला आला, तेव्हा बुडितीपाशी थांबून त्याने विचारलं, ही पाळ कशी फुटली. गोपाल मोठ्या अभिमानाने म्हणाला, "फुटली नाई साहेब, गावासाठी यायनं स्वतः फोडली." तलाठ्याने पेन थांबवलं. स्वतः फोडली तर पुराने नुकसान कसं लिहायचं, असं म्हणून त्याने ते सात एकर सोडून दिले आणि पुढच्या शेताकडे वळला. गोपालचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. आवळा देऊन कोहळा काढणारे लोक पाहिले होते, कोहळा देऊन आवळाही न मिळालेला मुखरू हा एकटाच.

तरी प्रफुल लगेच निघाला नाही. शब्द दिला होता, तरी त्याचा पाय उचलत नव्हता. बुडितीत गाळ उत्तम पडला होता. त्याने लाखोळी टाकली आणि दिव्यानीला हळूच म्हणाला, "असा पूर काय दरसाल येते? बाबायचं ऐकून तोंड सांभाळू. मोठा पूर आला तरच फोडाचं, नाई तं धान होतेच. एक साल अजून पाहू." दिव्यानीने होही म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. सुगंधाबाईला तेवढंही पुष्कळ होतं.

गांधी जयंतीला ग्रामसभा झाली. समाजमंदिर भरलं होतं. आधी मुखरू आणि प्रफुल यांना पुढे बोलावून शाल आणि नारळ दिला. दादाजीने स्वतः मुखरूला शाल पांघरवली. टाळ्या झाल्या. मग गोपालने कागद काढून ठराव वाचला. या पुरात बुडीत फोडायला उशीर झाला, म्हणून गावाचं नुकसान झालं. सबब, यापुढे धरणाचा पहिला निरोप येताच, कोणाची वाट न पाहता, पाळ फोडण्यात यावी. तोंड कायम मोकळं ठेवलं तर उत्तमच. त्या जमिनीत पावसाळ्यात पीक घेऊ नये.

प्रफुलच्या हातातला नारळ तसाच राहिला.

मुखरू उठून उभा राहिला. त्याचा आवाज कधी सभेत निघाला नव्हता. "उशीर नाई झाला," तो म्हणाला. "लवकर झालं. मी चुकलो. पहिल्याच पाण्याले फोडली. थांबाले पाह्यजे होतं."

मग बायकांच्या बाजूने कोणीतरी चुकचुकलं. दादाजीने उठून त्याच्या पाठीवर हात ठेवला. "मुखरू, मनाले लावून नोको घेऊ. तू काऊन चुकशीन? तू तं आपल्या पोराचं धान बुडवलं गावासाठी."

"मी खरं सांगून राह्यलो गा! फेस सिधा जाऊन राह्यला होता. माह्या बापानं सांगतलं होतं, फेस उलटला का..."

"आजा," मागून एक पोरगा प्रेमानेच म्हणाला, "आता फेस पाह्याची गरज नाई. सब मोबाईलवर येते."

लोक हसले. वाईट हसले नाहीत, घरच्या म्हाताऱ्याला हसतात तसे हसले. गोपाल म्हणाला, "पाहा, एवढं करून वरतून स्वतःलेच दोष देऊन राह्यले. याले म्हणतात मोठं मन." पुन्हा टाळ्या झाल्या. ठराव हात वर करून मंजूर झाला. ग्रामसेवकाने वही पुढे केली. जमीन त्यांची, म्हणून त्यांची सही हवी, असं म्हणाला. मुखरूने पेन हातात घेतलं. दादाजीचा हात अजून त्याच्या पाठीवर होता. शेवटी मुखरूने सही केली.

बाप-लेक घरी आले. अंगणात प्रफुल थांबला.

"बाबा, सभेत सांगतलं ते खरं होय का?"

"खरं."

"त्या दिवशी सकाळी तुमी पुलावर गेले होते."

"गेलो होतो."

"फेस कुठी जाऊन राह्यला होता?"

"नदीकडं."

प्रफुलला राग आला नव्हता. राग आला असता तर बरं झालं असतं. "मंग त्यायले थांबवलं काऊन नाई? मले तरी सांगाचं होतं. मी म्हणलो होतो, तुमी म्हणान तं."

मुखरूने अंगावरची शाल काढून हातात घेतली. तिचं काय करावं हे त्याला कळेना. "अठरा वर्षानं आले होते रे दारात," तो म्हणाला. "त्यायले परत जा म्हणाले माह्यी जीभच नाई उचलली."

सुगंधाबाई चुलीपाशी होती. तिने चुलीत लाकूड सारलं.

प्रफुलने नारळ ओट्यावर ठेवला, पायातल्या चपला काढल्या आणि आत डोकावून दिव्यानीला विचारलं, "पोरीचा शाळेचा दाखला कुठी ठेवला आहे?"

"पिशवीत आहे," ती आतून म्हणाली. "काढूनच ठेवला."